परदेशात विश्वासाचा डॉक्टर कसा शोधायचा: बडोद्याहून निघणाऱ्या घरांसाठी

बडोद्यात डॉक्टर शोधावा लागत नाही. दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या घरात मूल जन्मलं की त्याला कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचं हे आजी ठरवते. गुडघा धरला तर शेजारचे काका हाडाच्या डॉक्टरांचं नाव आणि दवाखान्याची वेळ दोन्ही सांगतात, आणि काही मोठं निघालं तर सयाजी हॉस्पिटलात कुणाच्या तरी ओळखीचं कुणी असतंच. संध्याकाळी नंबर लावला की रात्रीच्या जेवणाआधी औषध हातात पडतं. त्वचेचा, कानाचा, हृदयाचा, हव्या त्या स्पेशालिस्टकडे थेट जाता येतं.

लेस्टर, ब्रॅम्प्टन किंवा न्यू जर्सीला पोहोचल्यावर ही सगळी साखळी तुटते. मग मुलांना ताप आला की फोन बडोद्याला येतो. इकडचे डॉक्टर प्रेमाने औषधाचं नाव सांगतात, पण त्यांची चिठ्ठी तिथल्या औषधाच्या दुकानात चालत नाही. माझी मुलगी कॅनडात, भाचा इंग्लंडात आणि पुतणी अमेरिकेत आहे. तिघांचीही जायची तयारी करताना आणि नंतर त्यांच्या आजारपणांत इथून लक्ष घालताना जे उमगलं ते इथे मांडते आहे. तिकडे ओळखीचा आधार नसला, तरी डॉक्टर विश्वासाचा आहे की नाही हे तपासता येतं. त्यासाठी लागणारी माहिती सर्वांना खुली असते. मात्र हे काम पोहोचल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, तब्येत ठणठणीत असताना करायचं असतं.

निघण्याआधी: बडोद्यातच करायची कामं

तिकडचा डॉक्टर तुम्हाला पहिल्यांदाच बघणार आणि त्याच्याकडे साधारण दहा ते पंधरा मिनिटं असणार. जाडजूड फाइल तो वाचणार नाही. म्हणून आपल्या फॅमिली डॉक्टरांना सांगून एका पानाचा गोषवारा लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह इंग्रजीत टाइप करून घ्या. त्यात चालू आजार आणि ते कधीपासून आहेत, झालेली ऑपरेशनं, कशाची अ‍ॅलर्जी, रोजची औषधं, आणि आई-वडील-भावंडांचे आजार असावेत. ही शेवटची ओळ गाळू नका. दोन्ही पालकांना मधुमेह असेल तर तिकडच्या डॉक्टरच्या दृष्टीने ती मोठी माहिती असते. दक्षिण आशियाई माणसांत मधुमेह कमी वजनावरही सुरू होतो, म्हणून इंग्लंडच्या नियमावलीत आपल्यासाठी वजनाची मर्यादाच खाली धरली आहे: इतरांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५, आपल्यासाठी २३. शाकाहारी असाल तर तेही लिहून घ्या. बी-१२ तपासायचं की नाही हे त्यावरून ठरतं.

सर्वांत जास्त गोंधळ औषधांच्या नावांचा होतो. आपण औषध ब्रँडच्या नावाने ओळखतो आणि ते ब्रँड तिकडे नसतात. थायरोनॉर्म म्हणजे लेवोथायरॉक्सिन, ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. आणि हेच पॅरासिटामॉल अमेरिकेत आणि कॅनडात अ‍ॅसिटामिनोफेन या नावाने मिळतं, टायलेनॉल हा तिथला त्याचा प्रसिद्ध ब्रँड. सर्दीच्या बऱ्याच तयार औषधांतही ते घातलेलं असतं. त्यामुळे टायलेनॉल आणि सर्दीचं सिरप एकत्र घेतलं तर नकळत दुप्पट डोस पोटात जातो. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल होतं. निमेसुलाइड अमेरिका, कॅनडा, इंग्लंड यांपैकी कुठेही मिळत नाही. पॅन-डी मधल्या डॉमपेरिडोनला अमेरिकेत मंजुरी नाही. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या आपल्याकडच्या दोन-दोन, तीन-तीन घटकांच्या एकत्र गोळ्याही तशाच्या तशा सापडतीलच असं नाही. म्हणून गोषवाऱ्यात प्रत्येक गोळीसमोर घटकाचं नाव, मिलिग्रॅम आणि वेळ लिहून घ्या. तेवढ्याने तिथला डॉक्टर सहज पर्याय देऊ शकतो.

सोबत नेण्यासाठी साधारण तीन महिन्यांची औषधं घ्या, मूळ पट्ट्यांमध्ये, हातातल्या बॅगेत, केमिस्टच्या बिलासह आणि चिठ्ठीसह. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, आणि ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेलं काहीही न्यायचं असेल तर त्या देशाचे नियम आधी वाचा. दुबईमार्गे जाणाऱ्यांनी तर नक्कीच. अमिरातीत या औषधांबद्दल फार कडक कायदे आहेत.

लसीकरणाचं कार्ड हा मुलांच्या बाबतीत पासपोर्टइतकाच महत्त्वाचा कागद आहे. गुजरातमध्ये ते ममता कार्ड म्हणून मिळतं आणि बरंचसं गुजरातीत भरलेलं असतं. बालरोगतज्ज्ञांकडून ते तारखांसह इंग्रजीत उतरवून घ्या. एक बारकावा फार जणांच्या लक्षात येत नाही. सरकारी लसीकरणात गोवर आणि रुबेला यांची एमआर लस मिळते, त्यात गालगुंडाची लस नसते. अमेरिकेतल्या शाळा आणि बहुतेक विद्यापीठं गालगुंडासह एमएमआर मागतात, तीही दोन डोस. कांजिण्यांची लसही आपल्या सरकारी यादीत नाही, पण अमेरिकेत ती बहुतेक ठिकाणी शाळेसाठी लागते. हे डोस खासगी दवाखान्यात इथेच घेता येतात, फक्त दोन डोसांत काही आठवड्यांचं अंतर लागतं. म्हणून तिकीट काढण्याआधीच कार्ड बघा.

लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची क्षयाची त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. तिकडे अशी चाचणी करायला सांगितली तर बीसीजी घेतल्याचं सांगून इग्रा ही रक्ताची चाचणी मागा; तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

दात आणि चष्मा ही दोन कामं इथेच उरकून निघा. कॅनडा आणि अमेरिकेत दातांचा खर्च साधारण आरोग्य विम्याबाहेर असतो, आणि इंग्लंडात सरकारी दंतवैद्याकडे नवी नोंद मिळणं अवघड झालं आहे. अर्धवट सोडलेलं रूट कॅनल घेऊन विमानात बसू नका.

रिपोर्टांचे आकडे वेगळे दिसतील

इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात साखर मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात. आपल्या आकड्याला १८ ने भागलं की तिकडचा आकडा मिळतो: आपले १२६ म्हणजे तिकडचे ७. कोलेस्टेरॉलला ३८.७ ने भागा. २०० म्हणजे सुमारे ५.२. क्रिएटिनिनचं, म्हणजे मूत्रपिंडाच्या चाचणीचं, उलट, आपल्या १ चे तिकडे ८८ होतात, आणि ते बघून घरचे घाबरतात. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, इंग्लंडात टक्क्यांत देत नाहीत; साडेसहा टक्के म्हणजे ४८. हे चार हिशेब गोषवाऱ्याच्या मागे लिहून ठेवा. फोनवर एकमेकांना रिपोर्ट वाचून दाखवताना निम्मी काळजी इथेच मिटते.

त्या देशात डॉक्टरपर्यंत कसं पोहोचतात हे आधी समजून घ्या

बहुतेक देशांत सहसा स्पेशालिस्टकडे थेट जात नाहीत. आधी एक सर्वसाधारण डॉक्टर: इंग्लंडात आणि ऑस्ट्रेलियात जीपी, कॅनडात फॅमिली डॉक्टर, जर्मनीत हाउसआर्झ्ट, अमेरिकेत प्रायमरी केअर. तो तपासतो, बरंचसं स्वतःच बरं करतो आणि गरज वाटली तर पुढे पाठवतो. आपल्या माणसांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. पण तुमची सगळी माहिती एकाच माणसाकडे राहते, त्याने दिलेली औषधं एकमेकांना छेद देत नाहीत, आणि नको त्या चाचण्या होत नाहीत. हा एक डॉक्टर चांगला मिळाला तर परदेशातलं निम्मं आरोग्य सांभाळलं गेलं असं मी मानते, आणि म्हणून सगळी मेहनत त्याच्यावर घ्या.

इंग्लंड

व्हिसाच्या वेळी आरोग्य अधिभार भरलेला असतो: प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थ्यांना आणि १८ वर्षांखालच्यांना ७७६ पौंड. म्हणजे पैसे आधीच गेलेले आहेत, तरीही कितीतरी विद्यार्थी जीपीकडे नावच नोंदवत नाहीत आणि आजारी पडल्यावर धावपळ करतात. घर मिळालं की त्याच आठवड्यात पोस्टकोड टाकून जवळच्या जीपी सर्जरी (तिकडे जीपीच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात) बघा आणि ऑनलाइन किंवा प्रत्यक्ष फॉर्म भरा. पत्त्याचा पुरावा किंवा ओळखपत्र नाही म्हणून इंग्लंडात नोंद नाकारता येत नाही. भाड्याचा करार अजून हातात नसलेल्यांनी हे रिसेप्शनवर नम्रपणे पण ठामपणे सांगावं. सर्जरी भरलेली असेल किंवा तुम्ही तिच्या हद्दीबाहेर असाल तरच ती नाही म्हणू शकते.

सर्जरी निवडताना केअर क्वालिटी कमिशनचा तपासणी अहवाल वाचा. ही सरकारी संस्था दवाखान्यांना आणि हॉस्पिटलांना चार श्रेणी देते: उत्कृष्ट, चांगला, सुधारणा हवी, अपुरा. नुसती श्रेणी बघून थांबू नका, फोन लागणं आणि वेळ मिळणं याबद्दल अहवालात काय लिहिलं आहे ते बघा. रोजचा त्रास तिथेच असतो.

इंग्लंडात प्रत्येक औषधाला ९.९० पौंड पडतात, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये काहीच नाही. पण थायरॉइडची गोळी कायमची चालू असणाऱ्यांना आणि मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांना इंग्लंडात सगळीच औषधं मोफत मिळतात. त्यासाठी जीपीकडून फॉर्म भरून सवलतीचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आपल्याकडच्या किती तरी सुनांना आणि लेकींना हे लागू होतं आणि त्यांना कुणी सांगत नाही. घसा, कान, सायनस, बायकांना होणारी लघवीची साधी जळजळ अशा सात तक्रारींसाठी ३१ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडातला फार्मासिस्टच तपासून औषध देऊ शकतो. दिवस गेले असतील तर जीपीची वाट न बघता थेट मिडवाइफकडे नोंद करता येते.

लेस्टर, हॅरो, वेम्बली अशा भागांत गुजराती बोलणारे डॉक्टर आणि रिसेप्शनिस्ट भेटतात. बडोद्याच्या मराठी माणसाला इथे आपलं गुजराती उपयोगी पडतं. सरकारी आरोग्यसेवेत दुभाषा विनामूल्य मिळतो; सासूबाईंना इंग्रजी जमत नसेल तर वेळ घेतानाच मागा, मराठी दुभाषा नसेल तर गुजराती. नातवंडांना दुभाषा करू नका. आजीला मुलासमोर स्वतःच्या अंगाच्या गोष्टी सांगायला लाज वाटते आणि नेमकं तेच राहून जातं.

कॅनडा

इथे डॉक्टर चांगला आहे की नाही हा प्रश्न नंतरचा, आधी तो मिळवणंच कठीण आहे. लाखो लोकांना फॅमिली डॉक्टर नाही. आरोग्य विमा प्रांताप्रमाणे बदलतो. ऑन्टारिओने तीन महिन्यांची प्रतीक्षा २०२० मध्ये काढून टाकली. ब्रिटिश कोलंबियात मात्र पोहोचल्याचा उरलेला महिना आणि पुढचे दोन महिने थांबावं लागतं. तेवढ्या काळाचा खासगी विमा इथूनच काढून जा. ऑन्टारिओत आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना प्रांताचा विमा मिळत नाही, त्यांना विद्यापीठाचा किंवा कॉलेजचा विमा असतो. त्याचं कार्ड डाउनलोड करून मोबाइलमध्ये ठेवा, कारण क्लिनिक तेच मागतं.

ऑन्टारिओत प्रांताच्या विम्याचं कार्ड मिळाल्याच्या दिवशीच हेल्थ केअर कनेक्ट या सरकारी यादीत नाव घाला. त्या यादीवर विसंबून बसू नका. आसपासच्या क्लिनिकांना फोन करून ‘नवे रुग्ण घेता का’ एवढंच विचारा आणि दर महिन्याला पुन्हा विचारा. नुकत्याच सुरू झालेल्या क्लिनिकांत, आणि जिथे नवा तरुण डॉक्टर रुजू झाला आहे तिथे जागा असते. विद्यापीठांशी जोडलेली, शिकाऊ डॉक्टर असलेली क्लिनिकंही बघा; तिथे ज्येष्ठ डॉक्टरची देखरेख असते आणि वेळ जास्त दिला जातो. डॉक्टर मिळेपर्यंत एकाच वॉक-इन क्लिनिकमध्ये, म्हणजे आधी वेळ न घेता जाता येतं तिथे, जात राहा, म्हणजे निदान नोंदी एका जागी साठतील. साध्या तक्रारींसाठी ऑन्टारिओतले फार्मासिस्ट १ जानेवारी २०२३ पासून औषध लिहून देऊ शकतात, आणि ८११ वर रात्री-अपरात्री नर्सशी बोलता येतं.

हॉस्पिटलबाहेरची औषधं, दात, आणि २० ते ६४ वयात चष्म्याची तपासणी हे साधारणपणे प्रांताच्या विम्यात येत नाही. नोकरीच्या ऑफर लेटरमध्ये या तीन गोष्टी आहेत का ते पाहा.

अमेरिका

इथे डॉक्टर निवडण्याआधी विमा समजून घ्यावा लागतो, आणि हीच पायरी लोक घाईत उडवतात. नोकरी लागली की दोन-चार प्लॅन समोर ठेवतात. एचएमओ प्रकारात एक प्रायमरी डॉक्टर ठरवावा लागतो आणि त्याच्या चिठ्ठीशिवाय स्पेशालिस्ट मिळत नाही. पीपीओत थेट जाता येतं, हप्ता जास्त असतो. डिडक्टिबल म्हणजे वर्षात तेवढी रक्कम आधी तुमच्या खिशातून, मग विमा सुरू. डिडक्टिबल दोन हजार डॉलर असेल आणि स्कॅनचं बिल बाराशे आलं, तर ते बाराशे साधारण तुम्हीच भरता. हे माहीत नसल्यामुळे ‘विमा असून बिल कसं आलं’ असे फोन बडोद्याला येतात.

डॉक्टर निवडताना नेटवर्क हा शब्द धरून बसा, म्हणजे तुमच्या प्लॅनशी करार असलेले डॉक्टर आणि हॉस्पिटलं. क्लिनिकला ‘तुम्ही अमुक कंपनीचा विमा घेता का’ असं विचारलं तर हो म्हणतील, कारण कंपनीचे डझनभर प्लॅन असतात. कार्डावरचं प्लॅनचं पूर्ण नाव सांगून ‘या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये आहात का’ असं विचारा, मग तोच प्रश्न विमा कंपनीलाही विचारा आणि उत्तर देणाऱ्याचं नाव व तारीख टिपून ठेवा. रक्ताची चाचणी कोणत्या लॅबला जाते तेही विचारा. डॉक्टर नेटवर्कमधला आणि लॅब बाहेरची असं घडतं.

नेटवर्कमधल्या डॉक्टरकडे वर्षाची प्रतिबंधक तपासणी बहुतेक प्लॅनमध्ये मोफत असते. पहिली ओळख करून घ्यायला ती सर्वांत चांगली संधी. मात्र त्याच भेटीत नवी तक्रार काढली तर तिचं वेगळं बिल होऊ शकतं.

अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंटही रुग्ण तपासतात आणि औषध लिहितात. साध्या आजारांना त्यांच्याकडे जायला काही हरकत नाही आणि वेळही लवकर मिळते. नावापुढे एमडीऐवजी डीओ असेल तर तोही पूर्ण डॉक्टरच असतो.

बिल आलं की लगेच भरू नका. विमा कंपनीचं हिशेबाचं पत्र, ज्याला ईओबी म्हणतात, ते बिल नसतं. ते आणि हॉस्पिटलचं बिल जुळवून बघा, प्रत्येक बाब वेगळी लिहिलेलं बिल मागा. ना-नफा हॉस्पिटलांना गरजूंसाठी सवलतीचं धोरण ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, पण अर्ज तुम्हालाच करावा लागतो. १ जानेवारी २०२२ पासून तातडीच्या उपचारात नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरचं जादा बिल विमाधारकावर टाकता येत नाही. रस्त्यावरच्या रुग्णवाहिकेला मात्र हे संरक्षण नाही.

विम्याशिवाय राहणाऱ्यांसाठी आणि तुटपुंज्या कमाईच्या काळासाठी सरकारी मदतीवर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं आहेत. तिथे उत्पन्नाप्रमाणे फी घेतात. विद्यार्थ्यांनी सर्वांत आधी कॅम्पसवरचं हेल्थ सेंटर गाठावं.

जर्मनी आणि ऑस्ट्रेलिया, थोडक्यात

जर्मनीत डॉक्टर सरकारी विम्याचे रुग्ण घेतो की फक्त खासगी, हे वेळ घेण्याआधी विचारा. ११६११७ या क्रमांकावर बंद वेळेत डॉक्टर मिळतो, आणि स्पेशालिस्टची वेळ मिळवून द्यायलाही तीच सेवा मदत करते. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यांना ओएसएचसी विमा सक्तीचा आहे. विमा कंपनीशी थेट हिशेब करणारं क्लिनिक निवडलंत तर आधी खिशातून पैसे काढावे लागत नाहीत.

नाव मिळालं, आता तपासा

नावं मिळवायला महाराष्ट्र मंडळ, गणपतीचा ग्रुप, गुजराती समाज, शेजारी, मुलांच्या शाळेतल्या आया, सगळ्यांना विचारा. विचारताना ‘डॉक्टर कसा आहे’ असं विचारू नका, उत्तर ‘छान आहे’ एवढंच येतं. फोन लागतो का, रिपोर्ट कोण समजावतं, शेवटची वेळ किती दिवसांनी मिळाली, चुकीचं बिल आलं का, असं विचारा.

मग डॉक्टरांची अधिकृत नोंदवही ऑनलाइन उघडा. इंग्लंडात जनरल मेडिकल कौन्सिल, ऑन्टारिओत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स, ऑस्ट्रेलियात आप्रा, अमेरिकेत त्या-त्या राज्याचं मेडिकल बोर्ड. नाव टाकलं की परवाना चालू आहे का, त्यावर काही बंधन आहे का, शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे दिसतं. ऑन्टारिओच्या नोंदीत डॉक्टर कोणत्या भाषा बोलतो तेही असतं. अमेरिकेत त्याबरोबर बोर्ड सर्टिफिकेशन बघा, म्हणजे ज्या शाखेचा तो स्वतःला तज्ज्ञ म्हणवतो त्या शाखेची परीक्षा दिली आहे का. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि फुकट आहे.

गुगलवरचे तारे मी शेवटी बघते. पार्किंग आणि रिसेप्शनिस्टचा आवाज यांवर लोक तारे देतात. पण वर्षभराच्या अंतराने लिहिलेल्या पाच जणांनी ‘रिपोर्ट कळवलेच नाहीत’ असं म्हटलं असेल तर ते गंभीरपणे घ्या.

हॉस्पिटलाची निवड वेगळी. नेहमीच्या आजाराला जवळचं चालतं. बाळंतपण, हृदय, कर्करोग अशा गोष्टींना ते हॉस्पिटल वर्षभरात तशा किती केसेस करतं हे विचारणं सर्वांत उपयोगाचं. हा प्रश्न तिकडे कुणी उद्धटपणा मानत नाही. अमेरिकेत मेडिकेअरच्या केअर कंपेअर या सरकारी संकेतस्थळावर हॉस्पिटलांची तुलना करता येते.

पहिल्या भेटीत काय बघायचं

वेळ घेताना ‘नवा रुग्ण’ असं सांगा, काही ठिकाणी जास्त मिनिटं देतात. तक्रारी महत्त्वाच्या क्रमाने लिहून न्या आणि सर्वांत वाईट वाटणारी आधी सांगा. दारातून निघताना ‘आणि हो, छातीत जरा’ असं म्हणायची आपली सवय तिकडे महागात पडते. दारू, तंबाखू, लैंगिक आयुष्य, घरातली मारहाण यांवर ते थेट प्रश्न विचारतात, सगळ्यांनाच विचारतात. खरं सांगा. तुमच्या परवानगीशिवाय ते नवऱ्याला किंवा सासूला सांगत नाहीत. आयुर्वेदिक काढे आणि गोळ्या घेत असाल तर त्याही सांगा.

सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक दिलं नाही म्हणून डॉक्टर वाईट ठरवू नका. विषाणूच्या आजाराला ते लागूच पडत नाही आणि तिकडे ते चिठ्ठीशिवाय मिळतही नाही. मात्र ‘किती दिवसांत बरं वाटायला हवं आणि कोणतं लक्षण दिसलं तर परत येऊ’ हे नक्की विचारा. या प्रश्नाला जो डॉक्टर थांबून, नीट उत्तर देतो त्याला धरून राहा. ऐकून घेत नाही, घाई करतो, रिपोर्ट कळवत नाही, असा असेल तर बदला. बदलण्यात कृतघ्नपणा नाही. त्याच सर्जरीत दुसऱ्या डॉक्टरचं नाव मागता येतं.

बडोद्याच्या डॉक्टरांशी संबंध ठेवावाच. तिकडचा रिपोर्ट त्यांना दाखवा, शंका विचारा. फक्त औषध सुरू करणं, बंद करणं, डोस बदलणं हे तिथल्या डॉक्टरला कळवल्याशिवाय करू नका. दोघांची औषधं एकत्र पोटात जाणं धोक्याचं आहे.

रात्री काही झालं तर

गुजरातमध्ये १०८ तोंडपाठ असतो, तसा तिथला क्रमांक पहिल्याच दिवशी पाठ करा: अमेरिका आणि कॅनडा ९११, इंग्लंड ९९९, युरोप ११२, ऑस्ट्रेलिया ०००. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं किंवा हात लुळा पडणं, श्वास न पुरणं, न थांबणारा रक्तस्राव, बेशुद्धी: या वेळी खर्चाचा विचार न करता हाच क्रमांक. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याप्रमाणे हॉस्पिटलच्या तातडी विभागाला पैसे किंवा विमा न बघता तपासणी करून जीव स्थिर करावाच लागतो.

ताप, मुरगळलेला पाय, टाके घालण्याइतकी जखम यांना अमेरिकेत अर्जंट केअर पुरतं आणि इमर्जन्सीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. इंग्लंडात ठरवता येत नसेल तर १११ ला फोन करा, ते सांगतात कुठे जायचं.

मनाचा आजारही यात धरा. पहिला हिवाळा, लवकर होणारा अंधार, एकटी खोली, कर्जाचे हप्ते. मुलं फोनवर ‘सगळं ठीक’ म्हणतात. अमेरिका आणि कॅनडात ९८८ वर, इंग्लंडात ११६ १२३ वर कोणत्याही वेळी बोलता येतं. इंग्लंडात समुपदेशनासाठी जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतःच नाव नोंदवता येतं, आणि विद्यापीठांत ही सेवा असते. आयांनो, निघताना डब्यात चकल्या भरता तेव्हा हे क्रमांकही मुलांच्या मोबाइलमध्ये घालून द्या.

आई-बाबा भेटीला येणार असतील तर

पाहुण्यांचा हिशेब पूर्ण वेगळा. कॅनडाच्या सुपर व्हिसाला (आई-वडिलांसाठीचा लांब मुदतीचा व्हिसा) किमान एक वर्षाचा आणि एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो, युरोपातल्या बऱ्याच देशांना एकत्र चालणाऱ्या शेंगेन व्हिसाला ३०,००० युरोचा. इंग्लंडात पाहुण्यांना तातडी विभागातली तपासणी मोफत असते, पण दाखल केलं की सरकारी दराच्या दीडपट बिल होतं, आणि ५०० पौंडांपेक्षा जास्त थकलं तर पुढचा व्हिसा अडू शकतो. अमेरिकेत विम्याशिवाय आई-बाबांना नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

विमा घेताना जुन्या आजारांचं कलम शब्दन्‌शब्द वाचा. अमेरिकेच्या पाहुण्यांच्या बऱ्याच विम्यांत जुन्या आजाराचा अचानक उठलेला त्रास तेवढाच धरतात, नेहमीची तपासणी नाही. वयाच्या सत्तरीनंतर मर्यादा आणखी खाली येते. बाबांचा रक्तदाब आणि स्टेंट अर्जात लपवू नका, नंतर दावा नाकारायला तेच कारण पुरतं. निघण्याआधी महिनाभर हृदयाची आणि साखरेची तपासणी इथे करून घ्या, म्हणजे काही निघालं तर प्रवास पुढे ढकलता येईल.

ते पोहोचले की पहिल्याच शनिवारी त्यांच्यासाठी नेटवर्कमधलं अर्जंट केअर आणि हॉस्पिटल कोणतं ते गाडीने जाऊन बघून या. विम्याचा कागद, पासपोर्टची प्रत आणि औषधांचा गोषवारा एका पाकिटात घालून फ्रिजवर लावा, आणि विमा कंपनीचा २४ तासांचा क्रमांक त्याच पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा. दाखल करायची वेळ आली तर शक्य तितक्या लवकर त्या क्रमांकावर कळवावं लागतं, आणि त्या दिवशी घरात एकटी आईच असण्याची शक्यता असते.